पीआरची गॅरंटी देणाऱ्या सांगली-मिरजेच्या कन्सल्टंट मंडळींनो, फॉर्मवर तुमचं नाव घाला

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

हे पत्र सांगली-मिरजेत, विश्रामबागला आणि वर पार कऱ्हाड-साताऱ्यापर्यंत जेवढी म्हणून कॅनडा पीआरची, म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवान्याची, ऑफिसं आहेत त्या सगळ्यांना आहे. कुणा एकाचं नाव घेणार नाही, ज्यांच्याबद्दल बोलतोय ते वाचल्यावर बरोबर ओळखतील. आणि जे सरळ धंदा करतात त्यांनी मनाला लावून घेऊ नये, उलट शेवटपर्यंत वाचावं, त्यांच्यासाठी शेवटी एक काम ठेवलंय.

मी कन्सल्टंट नाही आणि वकील पण नाही. विजयनगरला कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी माझ्याकडं वाटणीपत्र, भाडेकरार, उत्पन्नाची आणि नावातल्या बदलाची प्रतिज्ञापत्रं एवढंच यायचं. गेली काही वर्षं तुमची गिऱ्हाइकं यायला लागली. गिफ्ट डीड पाहिजे, आईच्या नावाचं अॅफिडेव्हिट पाहिजे, कंपनीच्या लेटरहेडवर एक्सपिरियन्स लेटर टाइप करून पाहिजे, तुमच्या ऑफिसातनं व्हॉट्सअपवर फॉर्मॅट आलेला असतो आणि पोरगं मोबाइल माझ्यासमोर धरतं, "काका हे असंच्या असं पाहिजे, सरांनी सांगितलंय." टायपिंगवाला म्हणजे भिंत असते हो, त्याच्यासमोर लोक सगळं बोलतात. त्यामुळं तुम्ही आत केबिनमध्ये काय सांगता ते मला बाहेर बसून कळतं. त्यात माझ्या पलूसच्या भाचीनं मागच्या वर्षी स्वतःची फाइल स्वतः भरली, स्कॅनिंग सगळं माझ्याच दुकानात झालं, तेव्हा कॅनडा सरकारची वेबसाइट मी पण नीट वाचून काढली. इंग्रजी सोपं आहे, कोर्टाच्या इंग्रजीपेक्षा तर लईच सोपं.

माझी मागणी एकच आहे, आधीच सांगून टाकतो. ज्या अर्जाचे तुम्ही पैसे घेता त्या अर्जावर स्वतःचं नाव घाला.

तुम्हाला माहिती आहे मी काय म्हणतोय. कॅनडाच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं की तुमच्या वतीनं कुणी प्रतिनिधी काम करतोय का. असला तर आयएमएम ५४७६ नावाचा फॉर्म भरायचा, त्यात त्या माणसाचं नाव, त्याचा सदस्य नंबर, त्याची सही. आणि पैसे घेऊन प्रतिनिधी व्हायचं असेल तर तो कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या बारचा वकील पाहिजे, किंवा क्युबेकचा नोटरी पाहिजे, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंटच्या कॉलेजचा लायसनधारक पाहिजे. कॉलेज म्हणजे आपलं विलिंग्डन कॉलेज नव्हे, ती नियामक संस्था आहे, २०२१ च्या नोव्हेंबरात जुनी संस्था जाऊन ही सुरू झाली. तिच्या साइटवर लायसनवाल्यांची यादी सगळ्यांना फुकट बघायला मिळते, नाव टाकलं की लायसन चालू आहे का रद्द झालंय ते दिसतं. लायसन नसताना पैसे घेऊन सल्ला देणं हा त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे. हे मी शोधून काढलेलं गुपित नाही, पहिल्याच पानांवर लिहिलंय.

आता तुमच्याकडं काय होतं बघा. पोरगं पैसे भरतं, पावती मिळाली तर मिळाली. मग तुमच्या ऑफिसातली मुलगी त्याच्या नावानं एक नवीन जीमेल काढते, त्याचा पासवर्ड तुमच्याकडं, कॅनडाच्या साइटवरचं खातं त्याच्या नावानं पण त्याचाही पासवर्ड तुमच्याकडं, सुरक्षेचे जे चार प्रश्न असतात त्याची उत्तरं पण तुम्हीच ठरवता. प्रतिनिधी आहे का या प्रश्नाला उत्तर काय, तर नाही. म्हणजे कॅनडा सरकारच्या लेखी सांगलीत तुमचं ऑफिस नाहीच. तो पोरगा घरी बसून एकट्यानं सगळं भरतोय असं तिकडं दिसतं आणि खाली त्याचीच सही असते. माझ्या दुकानात एकजण आला होता, त्याला फक्त स्वतःच्या प्रोफाइलची प्रिंट पाहिजे होती, तर लॉगिनच नव्हतं त्याच्याकडं. तुमच्या ऑफिसला फोन लावला तर "कंपनी पॉलिसी आहे" म्हणाले. स्वतःच्या जन्मतारखेपासून बँक बॅलन्सपर्यंत सगळं ज्यात भरलंय ते बघायला आपल्यालाच बंदी, असली पॉलिसी मी कुठल्या तलाठी ऑफिसात पण बघितली नाही.

नाव नसल्याचा फायदा तुम्हाला कधी होतो, तर खोटं सापडल्यावर. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती लपवली तर कलम ४० खाली पाच वर्षं कॅनडाची दारं बंद, पीआरचा अर्ज तर त्या पाच वर्षांत करताच येत नाही. ही शिक्षा अर्जदाराला होते. मला माहितीच नव्हतं, कन्सल्टंटनं भरलं, असं म्हणून सुटका नाही, कारण सही अर्जदाराची, जबाबदारी अर्जदाराची असं तिथं स्पष्ट आहे. पंजाबातल्या विद्यार्थ्यांचं २०२३ चं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पोरं खऱ्या फीया भरून गेली, तिथं शिकली, कामाला लागली, आणि काही वर्षांनी पीआरसाठी अर्ज केला तेव्हा कळलं की एजंटनं सुरुवातीला जोडलेलं कॉलेजचं ॲडमिशन लेटरच खोटं होतं. डिपोर्टची नोटीस पोरांना आली. म्हणजे पीआरचा अर्ज ही अशी जागा आहे की जिथं मागचे सगळे कागद पुन्हा बाहेर काढून बघतात, आणि तेव्हा फॉर्मॅट पाठवणारे सर फोन उचलत नाहीत.

एक्सपिरियन्स लेटरचं तर बोलूच नका. कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशिनवर काम करणारा पोरगा, चांगला कामाचा, हातात कला आहे त्याच्या. तुम्ही त्याला कागदावर प्रॉडक्शन मॅनेजर केला, खाली पाच माणसं दिली, पगार वाढवला, आणि लेटरहेड कुणाचं तर बंद पडलेल्या एका वर्कशॉपचं. मी टाइप करायला नकार दिला तर पोरगा म्हणतो, "सर म्हणालेत कॅनडातनं कोण येतंय कुपवाडला बघायला." अहो यायला कशाला पाहिजे, फोन करतात, मेल करतात, पीएफ कुठाय विचारतात. तिकडच्या नियमाप्रमाणं त्या पत्रात हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार, पत्ता, सही करणाऱ्याचं नाव सगळं लागतं, आणि ते एका नोकरीच्या कोडशी जुळावं लागतं. मशिनिस्टचा कोड त्यांच्या यादीत आहे की! कुशल कारागिरांच्या कामाला पण कुशल कामात धरतात तिकडं. त्याला मॅनेजर बनवायची काही गरजच नव्हती, तुम्ही यादी उघडून बघायचा कंटाळा केला एवढंच.

आता गॅरंटीकडं येतो, कारण फ्लेक्सवर तेच मोठ्या अक्षरात असतं, खाली मॅपलचं पान.

एक्सप्रेस एन्ट्री, म्हणजे पीआरसाठी गुणांवर माणसं निवडायची कॅनडाची पद्धत, २०१५ च्या जानेवारीत सुरू झाली. त्यात दोन वेगवेगळे हिशेब आहेत आणि तुमचा सगळा खेळ या दोघांची सरमिसळ करण्यात आहे. पहिला हिशेब शंभरपैकी ६७ चा, तो फक्त आत शिरायची पात्रता. दुसरा हिशेब बाराशेपैकी, तो खरा, त्यावर नंबर लागतो. तुम्ही पोराला पहिल्या भेटीत सांगता "६७ पाहिजेत, तुझे ७१ होतात, तू क्वालिफाय आहेस," आणि त्याचे आईवडील शेजारी बसलेले असतात, त्यांना वाटतं पोरगं पास झालं. घरी जाऊन पेढे वाटायचे तेवढे राहतात. बाराशेतले त्याचे किती होतात हे तुम्ही त्या दिवशी सांगत नाही.

मी सांगतो, एकदा जाहीर होऊ दे. समजा चौतीस वर्षांचा अविवाहित इंजिनिअर आहे, सांगलीत बीई केलं, पुण्यात तीन वर्षांच्या वर नोकरी. वयाचे त्याला ८३ मिळतात. डिग्रीचे १२०. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगला ८ बँड आणि बाकी तिन्हीत ७ आले तर भाषेचे १२४, वर डिग्री आणि भाषा मिळून २५, परदेशी अनुभव आणि भाषा मिळून ५० (पुण्यातली नोकरी त्यांच्या दृष्टीनं परदेशी). बेरीज ४०२. आता याच पोराला चारही पेपरात अर्धा-अर्धा बँड कमी पडला, म्हणजे लिसनिंगला साडेसात आणि बाकीत साडेसहा, तर भाषेचे ९२ होतात, डिग्रीसोबतचे १३, अनुभवासोबतचे २५, बेरीज ३३३. अर्ध्या बँडात ६९ गुण गेले. तुम्ही मात्र "सहा बँड आले तरी चालतात" म्हणून सांगता. चालतात, पण फक्त आत शिरायला.

आणि पीआरचा अर्ज करा असं बोलावणं किती गुणांना येतंय? २०२५ मध्ये कॅनडात आधीच काम करणाऱ्यांचे जे ड्रॉ, म्हणजे बोलावणी काढायच्या फेऱ्या, झाले त्यात कटऑफ पाचशेच्या वर होता. बाकीची बोलावणी प्रांतांनी निवडलेल्यांना, फ्रेंच येणाऱ्यांना, दवाखान्यात काम करणाऱ्यांना, अशी गटागटानं निघतायत. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या सरकारनं वर्षाचा आकडाच खाली आणला, २०२४ ला ४ लाख ८५ हजार लोकांना पीआर द्यायचं ठरलं होतं ते २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आलं. हे सगळं चालू असताना तुमच्या भिंतीवर अजून २०२१ च्या फेब्रुवारीतला तो ७५ गुणांचा कटऑफ फ्रेम करून लावलेला आहे. तो खरा आहे, मी नाही म्हणत नाही, एका दिवसात २७ हजारांवर लोकांना बोलावलं होतं. पण ते कोरोनात सीमा बंद असताना, कॅनडात राहून तिथंच काम केलेल्यांना बोलावलं होतं. तासगावात बसलेल्या पोराला त्या फ्रेमचा काय उपयोग ते सांगा.

वयाचं तर तुम्ही बोलतच नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे ११० असतात, तीस लागले की दरवर्षी पाच-सहा गुण जातात, चाळिशीत अजून जोरात, पंचेचाळीसला शून्य. म्हणजे तुमच्याकडं फाइल "प्रोसेसमध्ये" आहे म्हणून दोन वर्षं थांबलेल्या तिशीतल्या माणसाचे दहा-बारा गुण नुसते बसून जातात, वर आयईएलटीएसचा निकाल पण दोनच वर्षं चालतो. म्हणजे परीक्षेला पुन्हा सतरा-अठरा हजार रुपये.

मग काहीजण जॉब ऑफर विकायला निघाले. ऑफर लेटर आणून देतो, इतके इतके लाख लागतील, ५० गुण वाढतील. २५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे गुणच काढून टाकलेत त्यांनी, आणि काढले कशामुळं तर या असल्या विक्रीमुळंच. त्यानंतरसुद्धा माझ्या टेबलावर अशा व्यवहाराची नोटरी करायला माणूस आला होता, आता याला काय म्हणायचं. परदेशात नोकरी लावून देतो म्हणून पैसे घ्यायचे तर आपल्याच देशात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंट म्हणून नोंदणी लागते, ती आहे का हे पण गिऱ्हाइकांनी विचारायला पाहिजे, पण गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला कायदा माहिती नसतो आणि तुम्हाला सांगायचा नसतो.

सध्या फ्रेंचच्या क्लासची टूम आहे. ती मला त्यातल्या त्यात बरी वाटते, निदान शिकलेलं पोराकडं राहतं. फक्त त्या गटात बसायला चारही पेपरात लेव्हल ७ लागते आणि ती तीन महिन्यांच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये येत नाही हे फी घ्यायच्या आधी सांगा.

तुमचा करारनामा पण मी वाचलाय, झेरॉक्सला येतो ना. पुढं गॅरंटी लिहिलेली असते, आत बारीक अक्षरात असतं की कंपनीची सेवा "प्रोफाइल तयार करणे" ही आहे आणि प्रोफाइल तयार झाल्यावर फी परत मिळणार नाही. म्हणजे गॅरंटी कशाची, तर प्रोफाइलची. ते प्रोफाइल कॅनडाच्या साइटवर फुकट तयार होतं! एक रुपया लागत नाही, बारा महिने चालतं, संपलं की पुन्हा फुकट. ज्याची गॅरंटी देऊन तुम्ही लाखावर घेता ते काम माझ्या भाचीनं एका रविवारी दुपारी केलं, आणि त्यात पण अर्धा वेळ लाइट गेली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड आहे, तुमच्या एका गिऱ्हाइकानं जरी तुमचा फ्लेक्स ग्राहक आयोगात नेला तर काय उत्तर द्याल?

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीय का, जमिनीचा. त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

गोष्ट अशी की पीआरच्या अर्जात तिथं जाऊन सुरुवातीला राहायला पुरेसे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. आकडा दरवर्षी बदलतो, एकट्या माणसाला साधारण पंधरा हजार कॅनेडियन डॉलर, आपले नऊ लाख धरा. कुटुंब मोठं तसा आकडा मोठा. बँकेच्या पत्रात आजची शिल्लक आणि मागच्या सहा महिन्यांची सरासरी पण पाहिजे. पैसा उसना चालत नाही, आणि घर-जमिनीची किंमत धरत नाहीत, हे दोन्ही स्वच्छ लिहिलेलं आहे. ऊस उभा असलेला दोन एकर बागायती सातबारा त्यांच्या दृष्टीनं शून्य.

यावर तुमच्याकडं दोन उपाय. एक, "फंड आम्ही दाखवून देतो." कुणाचे तरी पैसे व्याजानं खात्यावर येतात, वर गिफ्ट डीड, ते टाइप करायला माझ्याकडं. मामानं भाच्याला प्रेमानं नऊ लाख दिले असं लिहायचं आणि मामाचं पूर्ण नाव विचारलं की पोरगं सरांना फोन लावतं! शंभरचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झाला २०२४ च्या ऑक्टोबरात, तेव्हा तुमच्यातल्या एकानं माझ्याशी स्टॅम्पच्या चारशे रुपयांवरनं वाद घातला. नऊ लाखाचं खोटं लिहिताना काही वाटलं नाही, चारशे रुपये टोचले.

दुसरा उपाय, बापाला सांगायचं जमीन काढा. आणि बाप काढतो. पोरगं दारात रिकामं बसलेलं असतं, शेजारच्याचं पोरगं टोरांटोहून फोटो टाकत असतं, लग्नाला मुली नाही म्हणतायत, तर बाप काढतो. तुम्ही त्याला हे सांगता का की ही जमीन परत घेता येईलच असं नाही? कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणं महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. सगळाच सातबारा विकला तर उद्या दहा गुंठे घ्यायचे म्हटले तरी शेतकरी असल्याचा पुरावा कुठनं आणायचा यासाठी तहसीलला चकरा सुरू. पोरगं तिकडं पीआर झालं तरी नागरिक भारताचंच राहतं, पण तिकडं राहायला गेल्यावर तो अनिवासी, आणि अनिवासी माणसाला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमाप्रमाणं शेतजमीन खरेदी करता येत नाही. पुढं तिकडचं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाला मिळतं ते) काढलं तरी येत नाही. वारसानं आली तर ठेवता येते, पण वारसानं यायला आधी ती बापाकडं पाहिजे ना! म्हणजे पोरगं तिकडं डॉलर कमवून मोठं झालं तरी बापानं विकलेलं रान स्वतःच्या नावावर परत घेऊ शकत नाही. ही माहिती मला कोर्टाच्या बाजूला बसून मिळते, तुम्हाला मिळत नसेल असं नाही.

पुन्हा सांगतो, नऊ लाख हे खर्च करायचे नसतात, दाखवायचे असतात, ते त्याचेच राहतात. सरकारची फी वेगळी. २०२४ च्या एप्रिल अखेरीस वाढली तेव्हा प्रोसेसिंग आणि पीआरचा हक्क धरून मोठ्या माणसामागं १,५२५ डॉलर झाली, वर बायोमेट्रिकचे ८५. म्हणजे लाखभर रुपये, आणि ते बोलावणं आल्यानंतर लागतात, आधी नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी "एम्बसी फी" म्हणून जे घेता ते कुठल्या एम्बसीत जातं?

तुम्ही म्हणाल हा टायपिंगवाला पोरांना बाहेर जाऊ नका म्हणतोय. अजिबात नाही. आपल्या जिल्ह्याला हे कोण शिकवणार. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली, आज कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात गलाईचं दुकान बघा, आत विट्याकडचा माणूस सापडतो. साताऱ्यातनं पाटण-जावळीची माणसं मुंबईत माथाडीला गेली. उलटं पण झालंय, कॅनडात जन्मलेला डॉक्टर वॉनलेस मिरजेला आला आणि १८९४ ला दवाखाना काढून बसला, अजून वानलेसवाडी त्याच्या नावानं आहे. माणसं जातात, येतात. पण गलाईवाला जेव्हा गावातलं पोरगं सोबत न्यायचा तेव्हा नेणाऱ्याचं नाव सगळ्या गावाला माहिती असायचं. पोराला तिकडं काही झालं, पगार बुडाला, आजारी पडला, तर यात्रेला गावात आल्यावर त्याच्या आईसमोर उभं राहायची पाळी त्या माणसावर यायची. त्या एका धाकानं निम्मे घोळ होत नव्हते. तुम्ही नेताय त्यात तो धाकच काढून टाकलाय, कागदावर पण नाव नाही आणि सहा महिन्यांनी बोर्ड पण बदललेला.

आणि मदतीची गरज खरंच असते हो, हे पण मान्य करतो. आपल्याकडचे कागद म्हणजे तुम्हाला सांगायला नको. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, बाईचं लग्नानंतर सगळंच बदललेलं, २०१९ च्या पुरात अर्ध्या सांगलीच्या मार्कलिस्टा भिजल्या त्यांची डुप्लिकेट काढायची, डिग्रीच्या मूल्यांकनासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टला खेटे घालायचे, आणि बोलावणं आलं की साठ दिवसांत पोलीस क्लिअरन्सपासून सगळं अपलोड करायचं. मेडिकल तर मिरजेत एवढे दवाखाने असून त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडंच करावं लागतं. घाबरलेल्या माणसाला हे नीट लावून देणं हे कष्टाचं काम आहे, त्याची फी घ्या, चांगली घ्या, कोण नाही म्हणतंय? माझी भाची शिकलेली होती म्हणून तिनं केलं, सगळ्यांना जमणार नाही. तिला अजून बोलावणं आलेलं नाही, येईल का माहिती नाही, पण तिचे गुण किती, कटऑफ किती, आणि कुठं काय वाढवायचं हे तिला पाठ आहे. मास्टर्सच्या मार्कांचं गणित ती आता मलाच शिकवते.

म्हणून जे मागायचंय ते साधं आहे. पैसे घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला बाराशेतले त्याचे गुण आणि मागच्या काही ड्रॉचे कटऑफ एका कागदावर लिहून द्या, खाली तुमची सही शिक्का. लॉगिन त्याच्या स्वतःच्या ईमेलवर काढा. आणि लायसन असेल तर आयएमएम ५४७६ भरून फाइलवर तुमचं नाव येऊ द्या. लायसन नसेल तर सरळ सांगा की आम्ही कागद गोळा करून देतो, सल्ला देत नाही, आणि फी पण तेवढीच लावा, माझ्यासारखी पानावर.

माझ्याकडनं एवढं करतो. इथून पुढं व्हॉट्सअपवर आलेला एक्सपिरियन्स लेटरचा फॉर्मॅट माझ्या दुकानात टाइप होणार नाही, मामाचं नाव माहिती नसलेलं गिफ्ट डीड पण होणार नाही, कोर्टाच्या बाजूच्या बाकी दुकानदारांशी पण बोललोय, दोघं तयार आहेत, तिसरा विचार करतो म्हणाला.

आणि सुरुवातीला म्हणालो ते काम. सांगली-साताऱ्यात ज्या कुणाकडं खरंच लायसन आहे, किंवा लायसनवाल्याच्या हाताखाली रीतसर काम करताय, त्यांनी एका कागदावर नाव, लायसन नंबर आणि पूर्ण फी लिहून दुकानात आणून द्या. यादीत नंबर तपासून बघतो आणि काउंटरच्या वर, जिथं स्टॅम्पचे दर लावलेत, तिथं लावतो. त्याचे पैसे घेणार नाही. दुकान दहाला उघडतं, दुपारी दोन ते तीन जेवायला बंद असतं, रविवारी सुट्टी.

आपला,
विजयनगरचा एक टायपिंगवाला